गाईड म्हणजे गुरु नव्हे: एका स्लाइडची तपासणी

पीएचडीला प्रवेश मिळाला की घरचे विचारतात, "विषय काय?" आणि विद्यापीठातले विचारतात, "गाईड कोण?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या चार-पाच वर्षांवर जास्त परिणाम करतं, हे तुम्हाला लवकरच कळेल. म्हणून आज या एका शब्दाकडे नीट बघू.

निमित्त एका स्लाइडचं. संशोधन पद्धतीवरच्या कार्यशाळेत वक्त्यांनी सांगितलं, की इंग्रजी 'गाईड' हा आपल्या 'गुरु'वरूनच आलेला शब्द आहे. पुरावा काय, तर रोमन लिपीत दोन्ही शब्द जी-यू या अक्षरांनी सुरू होतात. आणि लगेच निष्कर्ष: म्हणून गाईडशी वाद घालायचा नसतो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडला, हाच दावा एखाद्या शोधनिबंधात वाचला असता तर आपण तो असाच सोडला असता का? चला, तपासूनच बघू.

आधी 'गुरु'. या शब्दाचा मूळ अर्थ 'जड'. शाळेत लघु-गुरु मोजताना आपण तोच अर्थ वापरतो, आणि गुरुत्वाकर्षणातही तोच आहे. लॅटिनमधला 'ग्राव्हिस', म्हणजे जड, हा त्याचा जवळचा नातेवाईक. म्हणजे 'गुरुत्व' आणि 'ग्रॅव्हिटी' एकाच मुळातून आलेत. ज्याचं वजन आहे तो गुरु.

आता 'गाईड'. हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचने तो जर्मानिक भाषांकडून घेतला होता, आणि तिथे त्याच्या सुरुवातीला 'ग' नव्हताच, 'व' होता. जर्मानिक शब्द उचलताना जुनी फ्रेंच सुरुवातीच्या 'व'चा 'ग' करायची. याचा पुरावा तुमच्या फ्रिजच्या कार्डावर आहे: 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार. नॉर्मंडीच्या बोलीतून 'व'वाला आला, मध्य फ्रान्सकडून 'ग'वाला. 'वॉर्ड' आणि 'गार्ड' ही जोडीही तशीच, आणि इंग्रजांचा विल्यम फ्रेंचांकडे गियोम होतो.

म्हणजे ज्या जी-यू वर स्लाइडचा सगळा डोलारा उभा होता, ती फ्रेंच उच्चाराने नंतर उमटवलेली खूण आहे. ती पुसली की खाली जे मूळ दिसतं त्याचा अर्थ 'पाहणे'. आपला 'विद्' धातू त्याच मुळाचा: विद्या, वेद, विद्वान. जे पाहिलं ते कळलं. इंग्रजी 'वाईज'ही त्यातलाच. म्हणजे गाईडचं संस्कृतशी नातं आहे, पण ते गुरुशी नाही, विद्येशी आहे.

संशोधनाच्या दृष्टीने यातली शिकण्याची गोष्ट ही: दोन शब्द सारखे दिसणं हा पुरावा नाही. 'व'चा 'ग' होणं अनेक शब्दांत नियमाने दिसतं, हा पुरावा आहे. तुमच्या ग्राफवर दोन रेषा सोबत चढताना दिसल्या की हे आठवा.

गंमत अजून पुढे आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत अधिकृत शब्द 'सुपरवायझर' आहे, आणि तुमची प्रगती दर सत्रात पाहणारी समिती 'ॲडव्हायझरी'. हे दोन्ही शब्द लॅटिनच्या 'विदेरे'मधून येतात, म्हणजे पुन्हा 'पाहणे', आणि मूळ तेच. एक वरून पाहतो, एक आपल्याला काय दिसतं ते सांगतो, आणि गाईड वाट दाखवतो. आपला 'मार्गदर्शक' वेगळ्या धातूचा असला तरी त्यातही 'दर्शन' आहेच.

इथे मला टाळ्यांचा मोह होतोय: "बघा, गाईडने फक्त दाखवायचं असतं, हे शब्दच सांगतो!" पण थांबा. मग मीही त्या वक्त्यांचीच चूक करेन. शब्दाचं मूळ त्याचा आजचा अर्थ ठरवत नाही. याच कुळातल्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'दोष देणे' असा होता. मुळावरूनच हक्क ठरवायचे तर गाईडने रोज बोल लावणंही योग्य ठरेल! अर्थ वापरातून ठरतो. आणि आपल्याकडचा वापर विचित्र आहे: दहावीला 'गाईड' म्हणजे तयार उत्तरांचं पुस्तक. तीच अपेक्षा घेऊन आपण पीएचडीला येतो.

माझ्या लॅबमधला वापर मला जास्त पटतो. जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्रात 'गाईड आरएनए' असतो. त्याची साधारण २० अक्षरं डीएनएवरची जागा दाखवतात. कापायचं काम मात्र कॅस-९ हे प्रथिन करतं, आणि शेजारी एक ठरावीक छोटी खूण नसेल तर जागा जुळूनही ते कापत नाही. कधी गाईड मिळत्याजुळत्या चुकीच्या जागीही नेतो. म्हणून काप कुठे पडला हे प्रयोग करणाऱ्याला वेगळं तपासावं लागतं. यात गाईडचा अपमान नाही. तो प्रयोगाचा भाग आहे.

हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी सुचवलेल्या प्रयोगात माझा पॉझिटिव्ह कंट्रोलच चालत नव्हता. सरांनी सांगितलंय म्हणजे माझाच हात चुकत असणार, असं धरून मी पाच महिने तेच करत राहिले. शेवटी भीत भीत सांगितलं. सर म्हणाले, "अगं, मग पहिल्याच आठवड्यात का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला कधीच गप्प बसवलं नव्हतं. मीच मनात त्यांना गाईडचा गुरु करून ठेवलं होतं, आणि ते वजन मलाच उचलवेना.

तेव्हा गाईड निवडताना नियमातली संख्या जरूर बघा: एका वेळी प्राध्यापकांकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकांकडे ६ आणि सहायक प्राध्यापकांकडे ४ पीएचडीचे विद्यार्थी. पण त्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि एकच विचारा: "सर चुकताहेत असं वाटलं तर तू काय करतोस?" उत्तर देण्याआधी समोरचा दाराकडे बघतो का, तेवढं बघा.