समकालीन वास्तुरचनेतील भूमिती : कृष्णाकाठचा निकष

समकालीन वास्तुकलेच्या चर्चेत भूमितीचे कौतुक बहुधा दर्शनी आकारापुरतेच होते. तिरप्या भिंती, कापलेले कोपरे, एकमेकांत गुंतविलेले घन दिसले की इमारत ‘कल्पक’ ठरते. तो आकार कोणत्या गरजेतून आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सातारा-सांगली परिसरात तो विचारण्यास जुना आधार आहे.

वाई येथील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या काठी बांधले. त्याची मागील भिंत सपाट नसून माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा, पाण्याचा जोर भिंतीवर सरळ येऊ नये, ही त्यामागील योजना. साताऱ्याजवळ लिंब येथे विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर अष्टकोनी आहे. जोडलेल्या जिन्याच्या मार्गासह ती वरून शिवलिंगासारखी दिसते. वर्णनकार बहुधा येथेच थांबतात. परंतु काठावर अनेक मोटा एकाच वेळी चालाव्यात, ही गरज त्या विहिरीच्या नावातच नोंदलेली आहे.

चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील ‘कांचनजंगा’ (१९८३) ही निवासी इमारत याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सुमारे २१ मीटर बाजूचा चौरस, ८४ मीटर उंची आणि ३२ सदनिका, असा तिचा साधा हिशेब. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. कोरियांनी कोपरे दोन मजल्यांच्या उंचीने आत कोरले व तेथे गच्च्या दिल्या. दुरून नक्षीसारखे भासणारे हे कोपरे म्हणजे बंगल्याभोवतीचा व्हरांडाच, उभ्या इमारतीत नेलेला. राहती खोली त्यामुळे उन्हापावसापासून आत सरकते आणि वारा मात्र तिच्यापर्यंत पोहोचतो. हे घर श्रीमंतांचे आहे, हे खरेच. तरी त्यातील विचार तेवढ्या पैशावर अवलंबून नाही.

पुण्यातील ‘आयुका’ या कोरियांच्याच संकुलात भूमिती अधिक बोलकी आहे. मध्यवर्ती कुंड माणसांना एकत्र आणते, म्हणून ते यशस्वी. सिअरपिन्स्की त्रिकोणाची आकृती मात्र पाठ्यपुस्तकातील धड्यासारखी राहते; ती आकर्षक आहे, पण काढून घेतली तरी वास्तूचे काही अडत नाही.

सांगलीत हा भेद केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये शहराने पुन्हा पूर पाहिला. अशा शहरात नवा बंगला बांधताना ‘एलिव्हेशन’वरील चौकटी व तिरप्या पट्ट्यांवर खर्च होतो आणि कुंपणाची भिंत सलग, आडवी, पाण्याला अडविणारी उभी राहते. खांबांवर मोकळा सोडलेला तळमजलाही पुढे अनेकदा विटांनी बंद केला जातो. वाईच्या भिंतीने केवळ देवालय राखले. वसाहतीला तेवढ्याने भागणार नाही. पाण्याला आरपार वाट, विजेचे मीटर वरच्या मजल्यावर आणि होडी लागू शकेल अशा उंचीवर जिन्याचा टप्पा, ही येथील आराखड्याची भूमिती होय. २०१९ मध्ये अनेक कुटुंबांना घराबाहेर पडण्यासाठी होडीचाच आधार घ्यावा लागला होता.