रिमोटचा ट्रक निवडताना

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. पण मुलाच्या हाती महिनोन्महिने राहणाऱ्या खेळण्याचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. वाढदिवस जवळ आला की घरात मागणी होते, "रिमोटचा ट्रक हवा." काही पालक 'आयता खेळ, डोक्याला काम नाही' म्हणून ती उडवून लावतात, तर काही खोक्यावरचे चित्र पाहून पैसे मोजतात. खेळणे दोघांनीही तपासलेले नसते.

ही उणीव थोडी भरून काढावी म्हणून आम्ही बाजारात मिळणारे तीन प्रकारचे ट्रक जमवले आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) दौलताबाद परिसरात शाळकरी मुलांबरोबर चालवून पाहिले. पहिला साध्या सेलवर चालणारा स्वस्त ट्रक, दुसरा चार्जिंगचा, मोठ्या रबरी चाकांचा, हळू चढणारा ट्रक आणि तिसरा सुटे भाग आणून घरी जोडायचा महागडा ट्रक. दौलताबाद निवडण्याचे कारण उघड आहे. तेथे पायाखाली मुरूम आहे, चढ आहे, धूळ आहे. शिवाय खुलताबादकडे जाणाऱ्या घाटात खरे ट्रक रोज चढताना दिसतात, त्यामुळे नक्कल अस्सलाशेजारी ठेवून पाहता येते.

वेग की जोर?

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला शब्द 'हाय स्पीड' हा असतो. आमच्या मते ट्रकच्या बाबतीत हा गुण नसून दोष आहे. थोडे गणित करू. खेळण्यातला ट्रक 30 सेंटिमीटर लांब आहे आणि सेकंदाला 3 मीटर पळतो असे धरू. म्हणजे एका सेकंदात तो स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापतो. नऊ मीटर लांबीचा खरा ट्रक याच प्रमाणात पळाला, तर त्याचा वेग सेकंदाला 90 मीटर, म्हणजे ताशी 324 किलोमीटर होईल! घाटात भरलेला ट्रक ताशी 20 किलोमीटरने चढत असेल, तर खेळण्यातल्या ट्रकाने त्याच प्रमाणात सेकंदाला 18 ते 19 सेंटिमीटरच चालायला हवे. आपण ट्रक म्हणून जे विकत घेतो, ती बहुतेक वेळा ट्रकचे कातडे पांघरलेली शर्यतीची गाडी असते.

याचा परिणाम चढावर दिसतो. एक मीटर लांबीची फळी घ्या आणि तिचे एक टोक 30 सेंटिमीटर उचला. ट्रकचे वजन 600 ग्रॅम असेल, तर या उतारावर त्याला मागे ओढणारे बल 600 च्या तीन-दशांश, म्हणजे 180 ग्रॅम वजनाइतके असते. एवढे बल लावत सेकंदाला 18 सेंटिमीटर चढायला सुमारे एक-तृतीयांश वॉट शक्ती पुरते. तेच सेकंदाला 3 मीटर वेगाने चढायचे तर पाच वॉटहून अधिक लागते. छोट्या मोटरला आणि चार सेलना हे झेपत नाही. आमच्या तपासणीत स्वस्त 'हाय स्पीड' ट्रक घरातल्या फरशीवर भिंतीला धडकेपर्यंत पळाला, पण फळीच्या मध्यावर थांबून घरघरत राहिला. हळू चालणारा ट्रक मात्र शांतपणे वर गेला.

फरक दंतचक्रांचा आहे. मोटरच्या दांड्यावरील चाकाला 8 दात आणि पुढच्या चाकाला 40 दात असतील, तर फेरे पाचपट कमी होतात आणि घर्षण सोडले तर फिरवण्याचा जोर पाचपट वाढतो. अशा दोन जोड्या लावल्या की पंचवीसपट. घाटात ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो तो याचसाठी. घाटाच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून इंजिनाचा आवाज कोठे बदलतो हे मुलाला एकदा ऐकवावे. मग खेळण्यातली दंतचक्रे त्याच्याशी बोलू लागतात.

दौलताबादचा किल्ला याच धड्याची दुसरी बाजू दाखवतो. तेथे डोंगराचा खालचा भाग तासून कडा उभा केलेला आहे. चढ जितका उभा, तितके मागे ओढणारे बल वस्तूच्या पूर्ण वजनाच्या जवळ जाते आणि पृष्ठभागावर दाबणारे बल, म्हणजेच पकड, नाहीशी होत जाते. ज्यांनी तो कडा तासला त्यांनी चढणाऱ्याचे घर्षणच काढून घेतले. फळी हळूहळू उचलत नेली की ट्रकची चाके एका कोनानंतर जागीच फिरू लागतात, ते याच कारणाने. मागची चाके फिरणारी असतील, तर हौद्यात मागच्या बाजूला दगड ठेवून पुन्हा पाहावे. मुरमावर घसरणारा आमचा दुसरा ट्रक दोनशे ग्रॅम वजन ठेवताच चढू लागला. 'वजन वाढले तर चढणे अवघड व्हायला हवे, मग सोपे कसे झाले?' हा प्रश्न एका मुलीने विचारला. एक तास शिकवूनही जो प्रश्न वर्गात उमटत नाही, तो येथे आपोआप आला.

पल्ल्याची जाहिरात

दुसरी जाहिरात पल्ल्याची : '50 मीटर', '100 मीटर'. दौलताबादचा चाँद मिनार सुमारे 63 मीटर उंच आहे. तेवढ्या अंतरावर 30 सेंटिमीटरचा ट्रक आकाशातल्या चंद्राच्या निम्म्याहून थोडाच मोठा दिसतो. त्याचे तोंड कोणीकडे आहे हेच कळत नाही, मग वळवणार कसा? दहा-पंधरा मीटरचा खात्रीचा पल्ला मुलाला पुरतो. पल्ल्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

त्याऐवजी दुकानात विचारावे, नियंत्रण कोणत्या वारंवारतेवर चालते? जुन्या पद्धतीचे स्वस्त संच 27 मेगाहर्ट्झवर चालतात, हल्लीचे बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर. पहिल्याची तरंगलांबी सुमारे 11 मीटर, दुसऱ्याची साडेबारा सेंटिमीटर. अँटेना पाव तरंगलांबीची असावी असे म्हटले तर पहिल्याला पावणेतीन मीटर लागेल आणि दुसऱ्याला जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणूनच जुन्या रिमोटला लांब तार असते आणि तरीही ती अपुरीच पडते. एकाच वारंवारतेचे दोन जुने ट्रक शेजारी चालवले, तर एका रिमोटने दोन्ही हलतात; नव्या संचांत ट्रक आणि रिमोट आपापसातली खूण ओळखतात. घरात दोन मुले असतील तर हा मुद्दा भांडण मिटवणारा आहे.

हो-नाही आणि थोडे-जास्त

तिसरी कसोटी वळण्याची. स्वस्त ट्रकला तीनच गोष्टी कळतात : पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, सरळ. वेगही पूर्ण किंवा शून्य. चांगल्या ट्रकमध्ये दांडी जितकी सरकवाल तितकेच चाक वळते. हा फरक चैनीचा नाही. पहिल्या प्रकारात मूल बटण दाबते. दुसऱ्यात ते अंदाज घेते, चुकते, थोडे कमी करते, पुन्हा पाहते. प्रत्याभरण म्हणजे काय हे त्याच्या बोटांना कळते. पैसे मर्यादित असतील तर दिवे, भोंगे आणि गाणी सोडून द्यावीत, पण हे सोडू नये.

स्क्रू कोठे आहे?

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच. ट्रक उलटा करून पाहावा. साध्या पेचकसाने निघणारे स्क्रू आहेत की कवच चिकटवून बंद केले आहे? आमच्या एका ट्रकची तार दुसऱ्याच दिवशी सुटली. डाग द्यायला पाच मिनिटे पुरली असती, पण कवच चिकटवलेले होते. उघडताना ते फुटले आणि ट्रक अडगळीत गेला. बिघाड हा दोष खराच, पण दुरुस्तीची वाट बंद करणे हा त्याहून मोठा दोष आहे. खेळणे बिघडते तेव्हाच मुलाला 'आत काय आहे?' हा प्रश्न पडतो, आणि नेमक्या त्या क्षणी खेळणे त्याच्या तोंडावर दार लावून घेते.

अरविंद गुप्ता यांचे उदाहरण येथे आठवते. कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडल्यावर ते पुण्यात टेल्को कंपनीत, म्हणजे खरे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात, होते. 1978 साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, टाकाऊ डबे यांपासून खेळणी बनवण्यात रमले. मूल खेळणे मोडते तेव्हा ते शिकतच असते, हे ते आवर्जून सांगत आले. दौलताबाद परिसरातल्या मुलांजवळही बाटलीच्या झाकणांची आणि तारेची गाडी होतीच. तिचा प्रत्येक भाग त्यांना माहीत होता, कारण तो त्यांनीच बसवला होता. बाजारातल्या ट्रकला आम्ही याच मापाने मोजले. म्हणून सुटे भाग जोडून करायचा ट्रक आमच्या मते अव्वल ठरतो. जपानच्या तामिया कंपनीने 1976 साली आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपातच आणली, आणि या छंदाची ती परंपरा टिकून आहे. पण असा संच बहुसंख्य घरांच्या आवाक्याबाहेर आहे. शाळेने एक घेऊन वर्गाने मिळून जोडावा, हा मार्ग आम्हाला अधिक पटतो.

मग झाकणांची गाडीच का नको?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की रिमोटच्या ट्रकजवळ एक गोष्ट अशी आहे जी झाकणांच्या गाडीजवळ नाही : स्पर्शाविना क्रिया. 1898 साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओ तरंगांनी चालणारी छोटी नाव दाखवली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. त्याच दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवली होती. ते आश्चर्य आज शे-पाचशे रुपयांच्या खेळण्यात आहे. फक्त ते कोणी उघड करून दाखवत नाही. ट्रक पालथा करून प्लॅस्टिकच्या बादलीखाली ठेवा आणि दांडी दाबा. मग मातीच्या मडक्याखाली ठेवा. शेवटी अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सर्व बाजूंनी गुंडाळा. मोटरचा आवाज कोठे बंद पडतो? धातू तरंग अडवतो हे वाक्य पाठ करण्याची मग गरज उरत नाही.

दोघांचा खेळ

रिमोट एक आणि माणसे दोन, ही या खेळण्याची मूळची अडचण. पुष्कळ घरांत पहिला अर्धा तास रिमोट वडिलांकडे असतो आणि मूल प्रेक्षक होते. उपाय खऱ्या ट्रकवरच आहे : ड्रायव्हर आणि क्लीनर. मूल ड्रायव्हर, मोठे माणूस क्लीनर. ट्रक मागे घेताना मोठ्याने "येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हणावे, मग अदलाबदल करावी. ट्रक समोरून येत असताना दांडी उजवीकडे सरकवली की तो आपल्या डावीकडे का वळतो, हे दोघांनी मिळून शोधावे. उजवे-डावे हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते, हा भौतिकशास्त्रातला मोठा विचार अंगणात हाती लागतो.

सुरक्षिततेबाबत दोन शब्द. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. विजेच्या खेळण्यांसाठीचे मानक आय.एस. 15644 हे आहे. खोक्यावर ते नसेल तर खेळणे घेऊ नये. लिथियमची बॅटरी अंथरुणावर किंवा रात्रभर चार्जिंगला ठेवू नये. रिमोटमध्ये बटणसेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे, कारण लहान मुलाने गिळलेला बटणसेल जिवावर बेततो.

आमचा निष्कर्ष असा : हळू चालणारा, चढणारा, थोडे-जास्त ओळखणारा आणि साध्या पेचकसाने उघडणारा ट्रक घ्यावा. या चारांतले एकच परवडत असेल तर शेवटचे निवडावे. चढ न चढणारा ट्रक उघडून त्यात दंतचक्रे बदलता येतील; न उघडणाऱ्या ट्रकचे मात्र सेल संपेपर्यंतच आयुष्य आहे. आणि खरेदी करताना खोक्यासोबत एक पेचकसही घ्यावा, तो मुलाच्या हाती द्यावा.