पेशी कुणाच्या, पुस्तक कुणाचे?

रिबेका स्क्लूट यांचे ‘द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ हे पुस्तक २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याची गणना बहुधा विज्ञानविषयक लेखनात केली जाते. आपण ते तसे वाचू नये. अमेरिकेतील काळ्या माणसाच्या वेदनेशी आपले नाते आजचे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली मुंबईत तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिकडच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. त्या नात्याच्या अधिकाराने या पुस्तकाला एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. माणसाच्या देहातून जे निघते त्यावर मालकी कुणाची, आणि त्या देहाच्या कथेवर मालकी कुणाची?

हकीकत थोडक्यात अशी. हेन्रिएटा लॅक्स ही व्हर्जिनियातील तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबातली. जिथे ती वाढली ते लाकडी घर एके काळी गुलामांच्या वस्तीचे होते. लग्नानंतर ती बाल्टिमोरजवळ राहायला आली. १९५१ च्या आरंभी पोटातली गाठ घेऊन ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली, कारण काळ्यांना घेणारी रुग्णालये थोडी होती. आणि तिथेही काळ्यांचा कक्ष निराळा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियमचा उपचार करण्यापूर्वी डॉक्टरांनी तिच्या मांसाचे दोन तुकडे काढले. तिला विचारले नाही. ते जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेले. तोवर माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात टिकत नसत. हिच्या पेशी रोज दुपटीने वाढू लागल्या. पाच मुलांची ही आई ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी मेली आणि खुणेच्या दगडावाचून पुरली गेली. तिच्या पेशी मात्र ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. कित्येक वर्षे पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांतून त्यांचा उगम ‘हेलन लेन’ अशा खोट्या नावाने सांगितला जात होता. घरच्यांना कळायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. कळले तेही असे की, १९७३ च्या सुमारास संशोधक त्यांचेच रक्त मागायला आले. आपल्याला कर्करोग आहे की काय हे तपासत आहेत, अशी त्यांची समजूत झाली. संशोधकांना हवी होती ती हेला पेशी ओळखण्याची आनुवंशिक खूण.

या पुस्तकातला एक तपशील प्रस्तुत लेखकाला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. पोलिओच्या लशीच्या चाचणीसाठी हेला पेशींचे मोठे उत्पादन १९५३ पासून टस्कीगी संस्थेत सुरू झाले. तिथले शास्त्रज्ञ काळे, तंत्रज्ञ काळे. आणि त्याच टस्कीगीत १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्यखात्याचा प्रयोग चालू होता. त्यांतल्या उपदंशाच्या रोग्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नव्हते, आणि पेनिसिलिन हाती आल्यावरही ते दिले नाही. रोग देह कसा पोखरतो हे पाहायचे होते. एकाच गावात काळ्या बाईच्या पेशी जगाला वाचवण्यासाठी वाढत होत्या आणि काळे पुरुष औषधावाचून झिजत होते. स्क्लूट हे नोंदवतात आणि पुढे जातात. तिथे थांबायला हवे होते.

आता मालकीकडे वळू. गाय यांनी पेटंट घेतले नाही, पेशी फुकट वाटल्या. विकल्या त्या नंतर कंपन्यांनी. पुढे काळ बदलला. १९८० साली आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या जिवाणूच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की माणसाने घडवलेल्या सजीवाचे पेटंट होऊ शकते. जॉन मूर नावाच्या रोग्याची प्लीहा १९७६ मध्ये काढली गेली होती; तिच्या पेशींवर त्याच्या डॉक्टरने आणि विद्यापीठाने १९८४ साली पेटंट मिळवले. मूर न्यायालयात गेला. १९९० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरने आपला आर्थिक स्वार्थ रोग्याला सांगायला हवा होता. पण देहातून निघालेल्या पेशींवर रोग्याची मालकी नाही. कारण? पेटंट मिळाले ते संशोधकाच्या कल्पकतेला, रोग्याच्या देहाला नव्हे. शिवाय रोग्याला मालकी दिली तर संशोधन अडेल.

हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय? गावात ढोर मेले की ते त्याज्य ठरे. ते ओढून नेणे महाराच्या माथी, त्याचे कातडे कमावणे ढोराच्या माथी. चुन्यात किती दिवस ठेवायचे, बाभळीची साल किती घालायची, कोणते कातडे मोटेला आणि कोणते जोड्याला, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शास्त्र होते. त्याला कुणी शास्त्र म्हटले नाही. त्याला विटाळ म्हटले. ‘बौद्धिक संपदा’ या शब्दातली खोच इथे आहे. बुद्धी कुणाची आणि नुसता देह कुणाचा, हे आधी ठरते; कायदा मागून येतो. एकाच्या हातात जे टाकाऊ असते, तेच दुसऱ्याच्या हातात गेले की शोध होते.

मग स्क्लूट यांच्या लेखणीचे काय? ही लेखिका गोरी आहे, आणि ते ती लपवत नाही. तिने दहा वर्षे खपून या कुटुंबाचा विश्वास मिळवला. माणसांची बोली तिने सुधारून घेतली नाही. लोकांचे बोलणे सजवून लिहिणे म्हणजे अप्रामाणिकपणा, असे एका नातेवाइकाने तिला बजावले होते. बोलीभाषेपायी आपल्या लेखकांनी जे टोमणे सोसले ते आठवले की या निर्णयाचे मोल कळते. पण एक बारकावा आहे. बोली फक्त लॅक्स कुटुंबाच्या तोंडी आहे. निवेदन प्रमाण इंग्रजीत. ‘बलुतं’मध्ये निवेदकच त्या वस्तीतला आहे, तो दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही. इथे बोली पुराव्यासारखी येते, अर्थ लावण्याचे काम दुसरी भाषा करते.

डेबोरा, हेन्रिएटाची मुलगी, ही या पुस्तकाचा प्राण आहे. आई गेली तेव्हा ती तान्ही होती. शीतकपाटातली पेशींची कुपी हातात घेऊन ती आपल्या श्वासाने तिला ऊब देते, तो प्रसंग कोणत्याही थोर कादंबरीत शोभावा असा आहे. पुस्तकाची सुरुवातही डेबोराच्याच शब्दांनी होते. तरी पुस्तकाचे स्वामित्व स्क्लूट यांचे, आणि डेबोरा तर ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २००९ साली वारली. यात लेखिकेचा लोभ नाही. मिळकतीतून तिने कुटुंबासाठी प्रतिष्ठान काढले हे मान्य केले पाहिजे. पण लेखिकेच्या श्रमाला कायदा ज्या क्षणी संपत्ती मानतो, त्याच क्षणी ज्यांचे आयुष्य तिथे मांडले ते कायद्याच्या नजरेत कच्चा माल ठरतात. पेशींच्या बाबतीत ज्या व्यवस्थेवर हे पुस्तक बोट ठेवते, तिच्याच आधारावर ते स्वतः उभे आहे. इतक्या सजग लेखिकेने याचा विचार फारसा करू नये, हे मला या पुस्तकाचे मोठे वैगुण्य वाटते. आईच्या पेशींनी वैद्यकाचे एवढे भले केले तर आम्हालाच डॉक्टर का परवडत नाही, असे लॅक्स मंडळी विचारतात. पुस्तक त्यातली व्यथा टिपते, व्यवस्थेपर्यंत पुरते जात नाही.

पुढच्या घटनांनी हे उघड केले. मार्च २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी हेला पेशींचा जनुकीय आराखडा जाहीर केला, पुन्हा कुटुंबाला न विचारता. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला, आणि ऑगस्टमध्ये झालेल्या करारानुसार तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीवर कुटुंबातील दोघे बसले. समितीवर जागा मिळाली, मिळकतीत वाटा नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मिरियड खटल्यात नैसर्गिक जनुकावर पेटंट नाही असे ठरवले. प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रतीवर मात्र ते राहू दिले. २०१७ च्या सरकारी नियमांतून, नावगाव पुसलेल्या नमुन्यांसाठीही संमती घ्यावी, हा आधी सुचवलेला बदल गळून पडला. थर्मो फिशर कंपनीविरुद्ध वारसांनी २०२१ मध्ये गुदरलेला दावा २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. अटी गुप्त. निकाल नाही, म्हणून पुढच्या हेन्रिएटाला दाखला नाही.

आणि ही परक्यांची कथा म्हणून पुस्तक मिटवताही येत नाही. हेला पेशींत एचपीव्ही-१८ हा विषाणू असतो. तो कर्करोगाशी जोडण्याच्या शोधाबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले, आणि त्या ज्ञानातून लस आली. ती लस २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदा जिल्ह्यात हजारो मुलींना एका अभ्यासप्रकल्पात टोचली गेली. खम्मममधल्या कित्येक आदिवासी मुली वसतिगृहात राहणाऱ्या. संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या. सात मुलींच्या मृत्यूची वार्ता आल्यावर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. संमती घेण्यातली बेपर्वाई मात्र आढळली, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे, ती गरिबांच्या मुलींना मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न त्या सहीचा आहे. खम्ममच्या त्या मुली आता विशी ओलांडून गेल्या असतील. त्यांपैकी कुणी लिहिले, तर तिच्या पुस्तकावर नाव तिचेच असेल.