द्विभाषिक पुस्तक आणि तिसरी भाषा

नाशिक रोड या नावाचे उत्तरपद इंग्रजी आहे, हे तेथील रहिवाशाच्या ध्यानीमनीही नसते. रेल्वेस्थानकाच्या आधाराने वाढलेल्या वस्तीचे हे नाव मराठीने केव्हाच आपलेसे केले. परभाषेतील शब्द व्यवहाराच्या वाटेने आला म्हणजे त्याला भाषांतराचा टेकू लागत नाही. प्राथमिक इंग्रजीच्या पुस्तकांची चिकित्सा करताना ही साधी गोष्ट सहसा नजरेआड होते.

महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. पुढे २०२२-२३ या वर्षी बालभारतीने पहिलीसाठी एकात्मिक व द्विभाषिक पाठ्यपुस्तक आणले. विषय चार भागांत एकत्र गुंफल्याने दप्तर हलके झाले. मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा आल्याने मराठी घरातील मुलास परकी भाषा ओळखीच्या सोबतीने भेटली. या गुणांविषयी वाद नाही. वाद आहे तो ‘द्वि’ या संख्येविषयी.

नाशिक जिल्ह्याच्याच सुरगाणा तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि त्यांत कोकणा समाज मोठा आहे. त्यांची बोली (गोव्याच्या कोकणीशी तिचा घोटाळा करू नये) डांगच्या सीमेवर मराठी व गुजराती या दोहोंच्या शेजारात वाढलेली. या घरातील सहा वर्षांच्या मुलास पुस्तकातील दोन्ही भाषा शाळेतच भेटतात. अपरिचिताचा उलगडा अर्धपरिचिताने करावयाचा, अशी ही रीत झाली. पुस्तक द्विभाषिक खरे. परंतु मुलाची भाषा त्या दोहोंत नाही.

येथे एक सूक्ष्म अन्याय घडतो. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा असल्याने तिला कोणी मराठी समजत नाही. तेथील अडचण निदान दिसते तरी. कोकणा बोलीचे दुर्दैव तिच्या सान्निध्यात आहे. ती मराठीच्या इतकी जवळ की शिक्षकास ती अशुद्ध मराठीच वाटते. मग इंग्रजीच्या तासाला आधी मराठी सुधारण्यात वेळ जातो, आणि दोनदा चुकलेले मूल तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. इंग्रजी येत नाही अशी नोंद मात्र त्याच्या नावावर पडते.

वस्तुतः हे मूल रिकाम्या हातांनी येत नाही. सुरगाणा-पेठकडील कुटुंबे हंगामात दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. तेथे व टोमॅटोच्या बाजारात ‘कॅरेट’ हा शब्द मुलांच्या कानांवर पडतो. इंग्रजीतील ‘क्रेट’चे आरंभीचे जोडाक्षर स्वरभक्तीने फोडून जिल्ह्याने तो घडवला, वीस कॅरेट टोमॅटो म्हटले की मापही कळते. सुरगाण्यात स्ट्रॉबेरी पिकू लागल्यापासून तेही नाव घरचे झाले. पहिल्या धड्यासाठी सफरचंदाची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘कॅरेट’वरून ‘क्रेट’कडे नेताना शिक्षक उच्चारातील नेमका फरक दाखवू शकतो, आणि त्यासाठी मराठी अर्थ सांगावा लागत नाही. या मार्गाने संज्ञा मिळतील, वाक्यरचना नव्हे, ही मर्यादा अर्थात मान्य केली पाहिजे. वाक्यासाठी मुलाच्या बोलीतील तोंडी संभाषणच हवे.

राज्यघटनेत १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगतो; २०२० चे राष्ट्रीय धोरणही घरच्या भाषेचा, शक्य तेथे, पुरस्कार करते. ‘शक्य तेथे’ या दोन शब्दांत बरेच काही निसटते. आश्रमशाळेच्या एकाच वर्गात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशी मुले बसू शकतात, आणि शिक्षक बहुधा बाहेरगावचा. प्रत्येक बोलीचे स्वतंत्र पुस्तक छापावे ही मागणी म्हणूनच तूर्त दूरची ठरते. पण शिक्षक-मार्गदर्शिकेत बोलीतील शंभर वाक्ये देण्यास, अथवा स्थानिक बोली जाणणाऱ्या व्यक्तीस पहिल्या वर्षी वर्गात बसविण्यास, छापखान्याची अडचण नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकातच आहे. सुरगाण्याची बोली ऐकण्यास त्याला जिल्हा ओलांडावा लागत नाही.