परदेशातील स्पर्धा आणि आपल्या गायकवृंदाचा सूर

युवक-युवतींचा एखादा गायकवृंद परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो, पदक घेऊन परततो आणि त्याची बातमी वर्तमानपत्रात व धर्मग्रामाच्या पत्रकात झळकते. बातमीत पदकाचा रंग असतो, छायाचित्र असते, देणगीदारांची नावे तर न चुकता असतात. ही मुले तेथे काय गायिली, कोणत्या भाषेत गायिली आणि ते गाणे चांगले झाले म्हणजे नेमके काय झाले, याविषयी मात्र एक ओळही सापडत नाही. नाटकाच्या परीक्षणात पडदे आणि पोशाख तेवढे वर्णावेत व नाटकाचे नावच गाळावे, तसा हा प्रकार आहे. पदकाचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु गाण्याची चिकित्सा होणार नसेल तर संगीताच्या दृष्टीने त्या कौतुकाला फारसे मोल नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम 'सुवर्ण' या शब्दाचा उलगडा करून घेऊ. वृंदगायनाच्या आजच्या मोठ्या स्पर्धांत वर्ल्ड क्वायर गेम्सचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ती २००० साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे सुरू झाली, तेव्हा 'क्वायर ऑलिम्पिक्स' या नावाने ओळखली जाई. पुढे बुसान, ब्रेमेन, ग्राझ, सिनसिनाटी, रिगा अशी ती देशोदेशी फिरली. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतील त्श्वाने येथे, म्हणजे आफ्रिका खंडात प्रथमच, भरली. २०२४ साली ऑकलंडला झाली. ऑलिम्पिकची आठवण करून देणारी ही स्पर्धा असली तरी तेथील न्याय निराळा आहे. प्रत्येक वृंदाला गुण मिळतात, आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की सुवर्ण, तिच्याखाली रौप्य व कांस्य. आपल्या परीक्षांतील प्रथम श्रेणीसारखे हे सुवर्ण आहे, पहिल्या क्रमांकासारखे नव्हे. एकाच विभागात अनेक वृंदांना ते मिळू शकते. सर्वाधिक गुण मिळविणारा वृंद विभागाचा विजेता ठरतो. यात लपवाछपवी काही नाही. उलट सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी ही पद्धत अधिक सौम्य व न्याय्य आहे. घोटाळा करतो तो आपण, 'सुवर्ण' म्हणजे 'जगात पहिले' असा अर्थ लावून.

आता हे गुण कशाचे, ते पाहू. तेथील बहुतेक विभागांत चार गोष्टी तपासल्या जातात: स्वरांचा अचूकपणा, ध्वनीचा दर्जा, लिखित स्वरलिपीशी इमान आणि एकूण कलात्मक परिणाम. पाश्चात्त्य वृंदगायनासाठी ही कसोटी योग्यच आहे. चार स्वरपंक्ती एकमेकींत मिसळून एकच नाद उमटावा, ही त्या कलेची मुळातली आकांक्षा. प्रश्न उद्भवतो तो आपले गाणे त्या कसोटीपुढे उभे राहते तेव्हा. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा. म्हणणाऱ्याने कोठे रेंगाळावे, कोठे श्वास घ्यावा, हे अर्थ आणि ऐकणारी मंडळी ठरवितात. तिची स्वरलिपी कोणी लिहिलीच, तर तो एका दिवशीच्या गायनाचा ठसा होईल. मग स्वरलिपीशी इमान कोणत्या दिवशीच्या? तसेच मींडेचे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे हा आपल्याकडे गाण्याचा प्राण. चार पंक्तींच्या जुळणीत तोच दोष ठरण्याचा धोका. लोकसंगीतासाठी वेगळा विभाग असतो, हे खरे. परंतु त्या विभागात आपले वृंद बहुधा जे घेऊन जातात ते गाण्यापेक्षा पोशाखाचे आणि हातवाऱ्यांचे प्रदर्शन असते. नऊवारी लुगडे, डोक्यावर घागर आणि तालाला टाळ्या. सूर मात्र तोच, पियानोवर बसविलेला.

भाषेविषयीही थोडे बोलले पाहिजे. वृंदगायनाच्या शिक्षणात स्वरवर्ण गोल, उघडे आणि सर्वांचे एकसारखे असावे लागतात, आणि त्यासाठी इटालियन व लॅटिन उच्चार प्रमाण मानले जातात. त्या साच्यात मराठी शब्द घातला की 'अ'चा 'आ' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, 'ण' तर ऐकूच येत नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात 'बाळ येशू'चा 'बाल येशू' झालेला आम्ही अनेकदा ऐकला आहे. परीक्षकांना मराठी कळत नसेल, पण घरी बसलेल्या आजीला ती कळते.

एवढे बोलल्यावर कोणी म्हणेल, की मग जाऊच नये. आमचे म्हणणे तसे नाही. वेल्समधील लँगोलेन या चिमुकल्या गावाचे उदाहरण घ्या. (या नावाचा खरा वेल्श उच्चार आपल्या लिपीत बसत नाही; आपल्या 'ळ'ची कैफियत त्यांना नक्की समजली असती.) दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली असताना, १९४७ साली, तेथे आंतरराष्ट्रीय 'आयस्टेडफॉड', म्हणजे गायन-नृत्याची स्पर्धा, सुरू झाली. परदेशी गायकांना गावकऱ्यांनी आपापल्या घरी उतरवून घेतले. १९४९ साली जर्मनीतील ल्यूबेक येथील वृंद आला. जर्मन बॉम्बची आठवण ताजी होती, वृंदाच्या पोटात गोळा होता. पण मंचावरून त्यांची ओळख 'आपले मित्र' अशी करून देण्यात आली, आणि श्रोत्यांनी त्यांचे स्वागत केले. १९५५ साली इटलीतील मोडेना गावच्या वृंदाने पुरुषगायनात पहिला क्रमांक मिळविला. त्यात फर्नांदो पाव्हारोत्ती नावाचे एक पाव भाजणारे गृहस्थ होते आणि शेजारी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा लुचियानो. बापलेक गावच्या चर्चमध्येही गात असत. त्या विजयाने आपल्याला गायक होण्याची उमेद दिली, असे लुचियानो पाव्हारोत्ती पुढे जगद्विख्यात झाल्यावरही सांगत, आणि १९९५ साली ते वडिलांना घेऊन पुन्हा त्याच गावी गायिले. येथे लक्षात घेण्याजोगे हे, की मोडेनाचे लोक जे गायिले ते त्यांच्या रोजच्या गाण्यापासून तुटलेले नव्हते. स्पर्धेसाठी त्यांना दुसरे कोणी व्हावे लागले नाही.

याच वेल्सचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. १८४१ साली थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी खासी टेकड्यांतील सोहरा, म्हणजे चेरापुंजी, येथे आले. त्यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली, आणि वेल्श मिशनबरोबर अनेक स्वरपंक्तींत स्तोत्रे गाण्याची परंपरा तेथे रुजली. म्हणून २०१० साली चीनमधील शाओशिंग येथे शिलाँग चेंबर क्वायरने वर्ल्ड क्वायर गेम्समध्ये तीन विभागांत सुवर्ण मिळविले, तेव्हा ते नक्कल करून मिळविले, असे कोणी म्हणू नये. नील नाँगकिनरी यांनी लंडनला पियानोचे शिक्षण घेतले आणि परत येऊन २००१ साली हा वृंद उभारला. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ज्यांच्या प्रार्थनामंदिरांत स्वरसंवाद घुमतो आहे त्यांच्या गळ्यात तो उपरा राहत नाही. २०१० सालीच दूरचित्रवाणीवरील स्पर्धा जिंकून हा वृंद घरोघरी पोहोचला तो मात्र हिंदी चित्रपटगीतांच्या मालिकांमुळे. त्या मालिका आम्हांला सफाईदार पण उथळ वाटतात. एका धुनेवरून दुसरीवर उडी मारताना शब्दांचा अर्थ मागे राहतो. त्यांची भक्तिगीते ऐकावीत. तेथे आवाज नुसता सुंदर न राहता कोणाला तरी उद्देशून निघतो.

खासी मुलांचे अनुकरण म्हणून आपण त्यांची गाणी उचलली तर त्यांच्यापासून काहीच शिकलो नाही, असे होईल. गोव्यातील चर्चशाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले गेले. तेथील मोतेत आणि मांडो दोन आवाजांत सहज गायिले जातात. वसईच्या लग्नघरातील बायकांची गाणी मात्र एकाच ओळीत चालतात आणि त्यातच त्यांची गोडी आहे. दोन्हींना एकच मांडणी चालणार नाही. ओवीखाली चार पंक्ती रचण्याऐवजी एक स्थिर षड्ज धरून ठेवावा आणि वर एकच आवाज मोकळा सोडावा, असा प्रयोग एखाद्या संयोजकाने करून पाहावा. गुण कमी पडतीलही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलेल्या उपासनाविषयक संविधानात गायकवृंदांची जोपासना करण्यास सांगितले आहे. त्याच परिच्छेदात सर्व भाविकांना गाण्यात आपला वाटा उचलता यावा, असेही बजावले आहे. मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, हेही तेथेच आहे. स्पर्धेच्या तयारीत यांतील दुसरी गोष्ट हमखास बिघडते. वर्षभर रविवारची मिस्सा रंगीत तालमीसारखी होते. वृंद गातो, लोक ऐकतात, आणि सवयीने गप्प राहू लागतात. 'पुएरी कांतोरेस' या बाल व युवा गायकांच्या कॅथलिक संघाने म्हणूनच वेगळी वाट धरली असावी. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यांत देशोदेशीचे वृंद जमतात, एकत्र मिस्सा गातात, परंतु क्रमांक लावले जात नाहीत. परदेशप्रवास, परक्या भाषेतील मित्र, मोठ्या मंदिरातील घुमणारा आवाज, हे सारे तेथेही मिळते. आपल्या वृंदांना या मेळाव्यांची माहिती क्वचितच असते, कारण त्यात पदक नाही आणि म्हणून बातमी नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. अशा स्पर्धांत विमानभाडे, निवास आणि सहभागशुल्क हे सगळे साधारणपणे वृंदालाच सोसावे लागते. त्यामुळे तेथे येणारे वृंद जगातील सर्वोत्तम असतातच असे नाही, खर्च पेलणारे असतात. वीस मुलांपैकी ज्या तिघांच्या आईवडिलांना तो पेलत नाही, ती तिघे बहुधा चांगली गाणारी असतात, हा आमचा अनुभव आहे. धर्मग्रामाकडे देणगी मागावयास येणाऱ्या संयोजकांना आम्ही तीन गोष्टी विचारतो. कोणाला मागे ठेवून जाणार आहात? कार्यक्रमात मराठी गीत कितवे आहे, आणि ते पोशाखाशिवाय उभे राहील काय? परत आल्यावर त्यांपैकी कोणते गीत पुढच्या रविवारी सगळ्या मंदिराला म्हणता येईल? या तिन्हींची उत्तरे अर्जासोबत कागदावर लिहून आणावीत. स्वरलिपीचीही एक प्रत जोडावी, म्हणजे आमच्या ऑर्गनवादकाला ती आधी वाजवून पाहता येईल.