फोन शाबूत, माहिती खोटी: रूट-तपासणीच्या संशोधनात काय सुटतं?

मोबाइल सुरक्षेवर पीएचडी करायची म्हटलं की एक विषय हमखास पुढे येतो. काही ॲप्स घ्यायची, त्यांची रूट-तपासणी आणि डीबगर-तपासणी फ्रिडा वापरून चुकवायची, आणि किती चुकली ते तक्त्यात मांडायचं. काम होतं, पेपरही निघतो. माझा आक्षेप असा, की एवढ्यावर थांबलं तर मूळ प्रश्न तसाच राहतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. रूट केलेल्या फोनवर ॲप 'सू' नावाची फाइल शोधतं, सिस्टीमच्या बिल्डवर 'टेस्ट-कीज'ची खूण आहे का ते बघतं. डीबगरसाठी लिनक्सच्या स्टेटस फाइलमधला 'ट्रेसरपिड' वाचतं. तिथे शून्य असेल तर कोणी जोडलेलं नाही. दुसरा आकडा असेल तर तो डीबगरच्या प्रोसेसचा क्रमांक. पण हे सगळं चालतं कुठे? हल्लेखोराच्याच फोनवर. फ्रिडा ते फंक्शन मध्येच अडवतं आणि 'सगळं ठीक आहे' असं उत्तर परत देतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखंच हे.

या विषयातला वाचावाच असा पेपर म्हणजे व्हिन्सेंट हाउपर्ट आणि सहकाऱ्यांचा 2018 चा. प्रोमॉन कंपनीचं 'शील्ड' हे संरक्षण अनेक बँकिंग ॲप्समध्ये बसवलेलं होतं. यांनी 'नोमॉर्प' नावाचं साधन लिहून ते आपोआप निकामी करून दाखवलं. पेपरचं खरं बळ 'आम्ही तोडलं' यात नाही. एकच तयार संरक्षण अनेक ॲप्सना लावलं, की एका साधनाने सगळीच उघडी पडतात, हा त्याचा धडा आहे. त्याची नक्कल करणारे मात्र तोडण्याचा भाग उचलतात आणि हा धडा सोडून देतात.

आता हाच प्रश्न आपल्या शिवारात आणून बघू. ई-पीक पाहणी महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो, सोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. समजा, पोखर्णीतल्या कोणी सोयाबीनची नोंद केली. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने विक्री या सगळ्यांत ती नोंद लागते. खोट्या नोंदीने सरकारचं नुकसान, आणि न झालेल्या नोंदीने शेतकऱ्याचं.

अशा ॲपमध्ये कडक रूट-तपासणी घातली तर कोण अडेल? जागा खोटी दाखवायला रूट लागतंच असं नाही. डेव्हलपर पर्यायांतलं 'मॉक लोकेशन' पुरतं. अडेल तो, ज्याने दुसऱ्याकडून जुना, सिस्टीम बदललेला फोन घेतलाय. शिवाय एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय आहे. म्हणजे एक फोन नाकारला की चार घरांच्या नोंदी अडकल्या.

"मग प्ले इंटिग्रिटी वापरा की," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, ती पद्धत जास्त चांगली. निकाल सर्व्हरवर तपासता येतो आणि सगळ्यात वरच्या पातळीला हार्डवेअरचा पुरावा असतो. पण तो पुरावा फोनबद्दल आहे, फोटोत काय आहे त्याबद्दल नाही. मनरेगाच्या हजेरी ॲपचं बघा. फोटोचाच फोटो काढून चढवणं, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकणं, असे गैरप्रकार जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रकात नोंदवले. यासाठी ना रूट लागतं, ना डीबगर. फोन अगदी शाबूत, माहिती तेवढी खोटी.

उलट ई-पीक पाहणीतली एक साधी तरतूद मला मोलाची वाटते. शेतकऱ्यांनी केलेल्या नोंदींपैकी 10 टक्के नोंदी तलाठ्याने पडताळायच्या. कोणत्या निवडल्या जातील हे खोटं बोलणाऱ्याला आधी कळलं नाही, तर ही तपासणी फ्रिडाने चुकवता येत नाही. ती त्याच्या फोनवर चालतच नाही.

याचा अर्थ रूट-तपासणी फुकट, असा नाही. बँकेच्या ॲपमध्ये मालवेअरने रूटचा ताबा घेतला असेल तर ती मालकालाच वाचवते. ओडब्ल्यूएएसपीचं मोबाइल मानकही या उपायांना जास्तीचा थर मानतं, मुख्य सुरक्षेची जागा ते घेत नाहीत. दोन्ही ठिकाणी तपासणी तीच, पण हल्लेखोर वेगळा. बँकेत तो तिसराच कोणी असतो, हजेरी ॲपमध्ये फोन हातात धरणाराच.

तेव्हा प्रस्ताव लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. खोटं बोलण्यात फायदा कोणाचा? तपासणी काढून टाकली तर नेमकं काय बिघडतं? आणि तपासणी चुकली, म्हणजे प्रामाणिक माणसालाच तिने अडवलं, तर त्याचं काय जातं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक तक्त्यांत रकानाच नसतो. तुमच्या तक्त्यात तो ठेवा.