अमृतमंथन
प्रभात फिल्म कंपनीचा मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघालेला बोलपट (१९३४). दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा ना. ह. आपटे यांच्या भाग्यश्री या कादंबरीवर आधारलेली. संगीत केशवराव भोळे यांचे. शीर्षक समुद्रमंथनाच्या पुराणकथेवरून घेतलेले आहे. कोल्हापूरहून पुण्यास स्थलांतर केल्यावर कंपनीने तेथे काढलेला हा पहिला चित्रपट.

चंडिकेची उपासना प्रबळ असलेल्या एका काल्पनिक प्राचीन राज्यात राजा क्रांतिवर्मा नरबळी व पशुबळी यांना बंदी करतो. क्षुब्ध राजगुरू यशोधर्मा या अनुयायाकरवी त्याचा वध करवितो, पुढे त्या अनुयायाचाही घात करतो आणि गादीवर आलेल्या राजकन्येस आपल्या कह्यात ठेवू पाहतो. अखेरीस तो स्वतःचेच शिर देवीला अर्पण करतो.

ब्रिटिश अभ्यवेक्षणामुळे उघड राजकीय विषय पडद्यावर आणणे त्या काळी दुष्कर होते. शांतारामांच्याच स्वराज्याचे तोरण (१९३०) या मूकपटाचे नाव बदलून उदयकाल करावे लागले होते. अमृतमंथनात मात्र परकीय सत्तेचे रूपक शोधणे फारसे फलदायी ठरत नाही. धर्माचरणात कायद्याने हस्तक्षेप करावा किंवा नाही, हा त्यातील खरा प्रश्न होय. मंदिरप्रवेशाचे विधेयक आणि महात्मा गांधींचा हरिजन दौरा (१९३३–३४) यांमुळे तो प्रश्न तेव्हा देशभर पेटलेला होता. राजगुरू लोभी वा दांभिक नाही, त्याची श्रद्धा निखळ आहे. या चित्रणामुळेच संघर्षाला वजन येते. पण त्याच्या मृत्यूबरोबर प्रश्नही सुटल्यासारखा दाखविला आहे. पुरोहितसत्तेची पाळेमुळे एका व्यक्तीत नसतात, याकडे पटकथेचे दुर्लक्ष झाले.

दुसरा दोष अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्या पंथाचा निषेध करावयाचा, त्याचेच दर्शन चित्रपटात सर्वांत मोहक ठरते. प्रारंभीच्या देवीपूजेतील छायाप्रकाशाची योजना (छायालेखक केशवराव धायबर) व भव्य नेपथ्य यांपुढे सुधारणावादी पक्षाचे प्रसंग फिके व भाषणवजा वाटतात. सैरंध्रीच्या (१९३३) रंगप्रक्रियेसाठी शांताराम जर्मनीस गेले होते. तेथील चित्रपटांचा संस्कार येथे जाणवतो.

राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. दूरभिंगाने टिपलेले राजगुरूच्या डोळ्याचे अतिसमीप दृश्य त्या काळी फार गाजले. दाते यांचा रंगभूमीवर मुरलेला, संयत अभिनय त्यामानाने उपेक्षित राहिला. राजगुरूचा वैचारिक हट्ट मात्र त्यांच्याच भूमिकेत अधिक पटतो.